केसरबाईची बिजाई आणि शब्दगट चौदा

१८ मे, रविवार

लिपिकपदाच्या खात्यांतर्गत परीक्षेला पस्तीस दिवस उरले. गाईडच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे की रोज डायरी लिहा, नवा शब्द शिका आणि तो स्वतःच्या आयुष्यात वापरून बघा. तर आजपासून डायरी. वय सत्तेचाळीस, पंचवीस वर्षं मूलच्या कॉलेजात शिपाई. माझ्या हाताशिवाय तिथली घंटा वाजत नाही. पण इंग्रजीच्या पेपरात दोनदा आपटलो. या वेळी आपटायचं नाही.

आज शब्दगट चौदा उघडला. 'वाईट परिस्थिती आणखी वाईट करणे.' या एकाच कामासाठी इंग्रजांकडे सोळा शब्द आहेत! आपल्याकडे आगीत तेल ओतलं की भागतं. फारच झालं तर दुष्काळात तेरावा महिना. त्या लोकांना सोळा शब्द लागले म्हणजे त्यांनी हे काम किती मन लावून केलं असेल. माझी अडचण वेगळीच आहे. स्वतःच्या आयुष्यातली उदाहरणं कुठून आणू? आमच्या घरी सगळं ठीक असतं.

ललिता आणि निशा दोघी मायलेकी लग्नाला चंद्रपूरला गेल्या आहेत. घरातले तांदूळ आज संपले. ललिताला फोन करून विचारणार होतो कोणता धान भरडू म्हणून, पण लग्नघरात तिला कशाला त्रास? घरात धानाची दोनच पोती. एक कोठीत लोटलेलं, दुसरं आढ्याला दोरीनं टांगलेलं. ज्या पोत्याला एवढं जपलं त्यात चांगला धान असणार, हे कळायला शेतकरी असावं लागत नाही. शेती ती बघते, मी नोकरी. पण डोकं दोघांनाही आहे.

१९ मे, सोमवार

टांगलेलं पोतं उतरवलं. तोंडाला लाल चिंधी बांधलेली होती, ती सोडून फेकली. आत कडुलिंबाचा पाला आणि राख. पाहुण्यांसाठीचा धान किती निगुतीनं ठेवते बघा ही बाई! पाखडून मिलवर नेला.

भरडताना असा वास सुटला की मिलचा मालक कॅबिनमधून बाहेर आला. घरी येऊन भात टाकला तर शेजारचे लटारूभाऊ कुंपणावरून विचारू लागले, "दिनेशभाऊ, काय शिजवून राह्यले?" त्यांना डबा भरून दिला. कोंडा त्यांच्या कोंबड्यांना टाकला. मग वाटलं, आपणच काय खायचं, कॉलेजच्या हेडक्लार्क साहेबांना आणि दोन सरांना जेवायला बोलावलं. साहेबांनी नुसत्या वरणाशी चार वेळा भात घेतला. जाताना त्यांना पिशवी दिली, सरांनाही दिली.

आज शब्द शिकलो नाही. पण दिवस चांगला गेला.

२१ मे, बुधवार

काय लिहू?

दोघी दुपारी आल्या. ललिता उंबऱ्यातच थांबली. नाकानं वास घेतला आणि वर आढ्याकडे बघितलं.

"अवो, पोतं कुठी हाय?"

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. मिल, वास, साहेबांचा चार वेळचा भात. ती ऐकत होती. मग रिकामं पोतं घेऊन जमिनीवर बसली.

निशा म्हणाली, "बाबा, ते आजीची बिजाई होती."

बिजाई म्हणजे बियाणं. माझी सासू केसरबाई तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या हातचा हा धान, काळ्या कुसळांचा. त्याचं खरं नाव कोणाला माहीत नाही, आरमोरीकडे सगळे केसरबाईचा धान म्हणायचे. लग्नात ललितानं पदरात बांधून आणला होता. तेव्हापासून बावीस वर्षं दर मृगात ती त्याचे पऱ्हे टाकते, म्हणजे कोपऱ्यात दाट पेरून रोपं करते, आणि मग ती रोपं बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, रोवते. दरवर्षीच्या पिकातून पुढच्या वर्षीचं बी. एक वर्ष चुकलं की साखळी तुटली. आणि भरडलेल्या तांदळातून काही उगवत नाही, एवढं मलाही कळतं.

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती पोत्याची घडी घालू लागली. मला ते बघवेना, म्हणून म्हटलं, "जाऊ दे ना, भात तर मस्त झाला होता."

निशानं कपाळावर हात मारला. ललिता उठून मागच्या अंगणात गेली.

आजचा शब्द अ‍ॅग्रव्हेट. गाईड म्हणतं, मूळ अर्थ 'जड करणे'. बरोबर आहे. घरात जड झालं आहे.

२४ मे, शनिवार

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. "चहा ठेवला हाय." "टॉवेल दोरीवर हाय." आज मी मार्ग काढला.

तांदळात काही दाणे न सोललेले राहतात. घरात उरलेले सगळे तांदूळ सुपात घेऊन बसलो. सकाळपासून दुपारपर्यंत निवडून एकसष्ट दाणे मिळाले, सालासकट, दोनचारांना कुसळाचं टोकही होतं. एकसष्टांतून एकसष्ट लोंब्या, लोंबीला शंभर दाणे, दोन वर्षांत पुन्हा पोतं भरलं असतं. ओल्या फडक्यावर मांडून अंगणात सावलीला ठेवले आणि ललिताला हाक मारली.

ती येईपर्यंत लटारूभाऊंच्या दोन कोंबड्या आल्या होत्या. सोमवारी कोंडा टाकून मीच त्यांना आमच्या अंगणाची वाट दाखवली होती.

ललितानं रिकामं फडकं बघितलं, कोंबड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि झटकन तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. पदर तोंडाला लावून ती आत गेली. बावीस वर्षांत मी तिला असं रडवलं नव्हतं.

कम्पाउंड. एका संकटाला दुसरं जोडणे.

३० मे, शुक्रवार

काल रजा टाकून आरमोरीला गेलो, ललिताला न सांगता. तिचा धाकटा भाऊ श्रावण अजून वडिलांचीच शेती करतो. म्हटलं, केसरबाईच्या घरी केसरबाईची बिजाई नसेल तर कुठं असेल?

श्रावण म्हणाला, "भाऊजी, तो धान उंच होते अन् वाऱ्यानं लोळते. मी कवाच सोडला. आता सगळा कंपनीचा. पण ललिताबाईकडं हाय ना आईची बिजाई."

मग सांगावंच लागलं. शेवटी त्याचे दोन्ही हात धरून म्हटलं, "हे कोणाले सांगू नको." तो म्हणाला, "माझ्या तोंडून नाई निघणार, भाऊजी."

बस गडचिरोलीपर्यंत पोचली नव्हती तोवर घरी पहिला फोन आला होता. संध्याकाळपर्यंत नऊ. मोठी वहिनी रडली. वडशाच्या मावशीनं विचारलं की हे कसं झालं, कोणत्या दिवशी झालं, त्या वेळी जवळ कोण होतं. एक आत्या तर उद्या भेटायला येते म्हणाली. मयत झाल्यावर येतात तशी.

ललिता प्रत्येकीला तेच सांगत होती, "होय. त्यांनीच. नाई, तब्येत चांगली हाय त्यांची." नववा फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अवो, मी हात जोडते. तुमी आता काई करू नका."

बिचारी. आशाच सोडली तिनं.

एस्कलेट, म्हणजे वाढवत नेणे, हा शब्द लक्षात ठेवायला सोपा. नागपूरच्या मॉलमध्ये सरकता जिना होता, त्यावर मी नुसता उभा राहिलो आणि आपोआप वर गेलो. गाईडमध्ये खाली एक वचनही दिलं आहे, 'खड्ड्यात असाल तर आधी खोदणं थांबवा.' चांगलं आहे, पण परीक्षेच्या दृष्टीनं निरुपयोगी. गुण शब्दांना आहेत.

४ जून, बुधवार

ललिता आणि निशा काल पहाटे धानोऱ्याकडे गेल्या, बुधरीच्या गावाला. बुधरी ललिताची जुनी मैत्रीण. गोंड बाई, जंगलाच्या काठी तिची शेती आहे. बारा वर्षांपूर्वी तिचं बियाणं पुरात गेलं होतं, तेव्हा ललितानं तिला पायलीभर बिजाई दिली होती आणि मी 'घरचं बाहेर कशाला' म्हणून तीन दिवस कुरकुरलो होतो. त्या लोकांकडे उसनी बिजाई परत करताना मूठभर जास्त घालतात म्हणे. मी म्हटलं होतं, बघू कधी घालते ते.

आज दोघी परत आल्या. डोक्यावर दोन गठुडी. म्हटलं, "मोहफुलं का?"

ललिता म्हणाली, "हो. मोहफुलंच."

निशा पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

मैत्रिणीकडे जाऊन तिचं मन जरा हलकं झालं असावं. आज जेवताना मला वरून तूप वाढलं. मी मात्र ठरवलं आहे, हे असं सोडून द्यायचं नाही.

७ जून, शनिवार

मूलच्या कृषी केंद्रातून सुगंधी धानाचं बियाणं आणलं. बेत असा की जुन्या पोत्यात भरायचं, लाल चिंधी बांधायची आणि म्हणायचं की माळ्यावर थोडं सापडलं. खोटं आहे, पण चांगल्यासाठी आहे.

पिशवी फोडली तर बियाणं गुलाबी! औषध लावलेलं असतं, हे मला काय माहीत. केसरबाईच्या धानाला असा रंग बघितला तर केसरबाई उठून येईल. दोघी बाजारात गेल्या तेव्हा हातमोजे घालून तीन पाण्यानं धुतलं. रंग बराच गेला. वाळवायला ऊन नव्हतं, आभाळ भरलेलं. तसंच पोत्यात भरून, तोंड आवळून कोपऱ्यात ठेवलं.

१० जून, मंगळवार

आज सांगितलं, "ललिता, बघ काय सापडलं."

तिनं चिंधी सोडली. आतून वाफ आली. तिनं हात घातला आणि मूठभर बाहेर काढलं. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब. आंबूस वास. त्यातला एक दाणा उजेडाला धरला.

"याचं कुसळ कुठी गेलं?"

"झडलं असेल."

"अन् हा गुलाबी काऊन?"

"वय झालं की..."

निशा उठून बाहेर पळाली. ललिताचे खांदे पुन्हा हलू लागले आणि तिनं पदर तोंडात कोंबला. मी म्हटलं, "रडू नको ना." त्यावर ते आणखीच हलू लागले. मग डोळे पुसून म्हणाली, "फेकून द्या ते. अन् आता जास्त एक्झॅसर्बेट नका करू. चहा घ्या."

मी थक्क झालो. एक्झॅसर्बेट, म्हणजे चिघळवणे. शब्दगट चौदातला हा शब्द मला अजून नीट उच्चारता येत नाही! विचारलं तर म्हणे, "रोज सकाळी मोठ्यानं वाचत राह्यता. भिंतीलेही पाठ झाला असेल."

आठ दिवसांत ती दहा शब्द शिकली तर परीक्षा तिनंच द्यावी.

१२ जून, गुरुवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

मृग लागल्यावर ललितानं बांधीतला तो कोपरा नांगरून, चिखल करून सारखा केला होता. दरवर्षी ती केसरबाईचे पऱ्हे तिथंच टाकते. बिजाई नाही, तरी हात सवयीनं चालले असं मला वाटलं. रोज सकाळी ती त्या काळ्या चिखलाकडे जाऊन वाकून बघते. रिकाम्या चिखलात काय बघत असेल? ते बघून माझ्या जिवाला फार लागलं. ते कोंब आलेलं बियाणं मी फेकलं नव्हतं. उगवलेलं फेकवत नाही माणसाला. काल सकाळी सहाला, ती दूध आणायला गेली असताना, मी ते सगळं त्या कोपऱ्यात विस्कटून टाकलं. म्हटलं, निदान हिरवं तरी दिसेल तिला.

शेवटची मूठ टाकली आणि मागून निशाचा आवाज आला.

"बाबा! तिथी काय टाकून राह्यले?"

सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, तिथी आईनं परवाच आजीची बिजाई टाकली. बुधरीमावशीकडची. त्या गठुड्यातली. तिनं बारा वर्षं पेरत ठेवला होता तो धान."

मी बांधावर बसलो. मोहफुलं. तूप. 'तुमी काई करू नका.' सगळं डोळ्यांसमोरून गेलं. बारा वर्षं एका बाईनं जंगलाच्या काठी जपून ठेवलेलं, दोन दिवस प्रवास करून आणलेलं, आणि मी त्यात गुलाबी बियाणं कालवलं. दोन्हीचे पऱ्हे सारखेच हिरवे. कोणता कोणाचा ते आता दिवाळीला लोंबी आल्यावरच कळणार.

घरी गेलो. ललिता दूध तापवत होती. या वेळी माझ्याकडे बेत नव्हता. दारातच उभा राहिलो आणि बोललो.

"ललिता, माझं चुकलं. तुझ्या आईची बिजाई मी तुले न विचारता भरडली. अन् आज बुधरीच्या बिजाईतही कंपनीची टाकून आलो. माझं लय चुकलं."

आवाज फुटला माझा. लाज वाटते लिहायला, पण फुटला.

तिनं दूध उतरवलं. "बावीस दिवस लागले तुमाले."

"कशाले?"

"हे म्हणायले. बाकी सगळं केलं तुमी. दाणे निवडले, आरमोरीले गेले, बियाणं धुतलं. येवढंच नाई म्हटलं." मग पदरानं हात पुसत म्हणाली, "या इकडं."

माझी जुनी ट्रंक तिनं उघडली. मागच्या दोन परीक्षांची पुस्तकं बाजूला केली. त्यांच्याखाली दुसरं गठुडं. सोडलं तर काळ्या कुसळांचा धान.

"बुधरीनं दोन दिले होते. एक घेतलेलं परत अन् एक वरून. एक टाकलं, एक ठेवलं."

"ठेवलं काऊन?"

"काऊन म्हणजे?" ती म्हणाली. "तुमी घरीच होते ना."

"अन् माझ्या ट्रंकेत?"

"त्या पुस्तकाले तुमी कधी हात लावला हाय का?"

निशा भिंतीला टेकून हसत खाली बसली. ललिताचे खांदे हलू लागले. या वेळी तिनं पदर लावला नाही, आणि ते रडणं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. चोवीस मेलाही नव्हतं.

१३ जून, शुक्रवार

विहिरीजवळ नवा कोपरा तयार केला. चिखल मी तुडवला. ललितानं ओटीतून धान घेतला, मग थांबली आणि एक मूठ माझ्या हातात दिली.

"पहिली तुमी टाका."

मी म्हटलं, नको, माझ्या हाताला सध्या गुण नाही. ती म्हणाली, "टाका म्हटलं ना." कुसळं तळव्याला टोचत होती. केसरबाई लग्नात मला म्हणाली होती, "जावईबापू, पोरगी अन् बिजाई दोन्ही देऊन राह्यली, सांभाळा." तेव्हा मी पोरीकडेच बघत होतो. बिजाईकडे आज पहिल्यांदा बघितलं. मूठ टाकली. जरा एका जागी जास्त पडली, ललितानं वाकून सारखी केली.

भेसळीच्या कोपऱ्याचंही ठरलं. ते पऱ्हेही रोवायचे. दिवाळीला कापणीच्या आधी काळ्या कुसळांची लोंबी न् लोंबी मी हातानं वेचायची. तेवढं काम माझं.

२२ जून, रविवार

परीक्षा झाली. बारावा प्रश्न, एक्झॅसर्बेट वाक्यात वापरा. मी इंग्रजीत लिहिलं की माझी बायको मला म्हणाली, आता एक्झॅसर्बेट करू नका, चहा घ्या. व्याकरण बरोबर असावं. निकाल काय लागायचा तो लागो.

केंद्रावरून थेट शेतात गेलो. विहिरीजवळचे पऱ्हे बोटभर वर आले आहेत. चारही कोपऱ्यांना ललितानं काड्या रोवल्या आहेत आणि प्रत्येक काडीला लाल चिंधी. ती धुऱ्यावर, शेताच्या कडेला, गवत काढत होती. मी विचारलं, "पाखरांसाठी का?"

"पाखरं शहाणी हायेत," ती मान वर न करता म्हणाली. "चिंध्या तुमच्यासाठी."

विहिरीकडची एक चिंधी वाऱ्यानं सैल झाली होती. ती मी घट्ट बांधली.